महाविद्यालयातील समुपदेशन केंद्र: समोरचा समुपदेशक शिकाऊ असेल तर?

थोडक्यात

- विद्यापीठ किंवा महाविद्यालयाच्या समुपदेशन केंद्रात पहिल्यांदा भेटणारी व्यक्ती अनेकदा प्रशिक्षणार्थी असते. तिच्या कामावर अनुभवी तज्ज्ञाची देखरेख असेल, तर यात काळजीचे कारण नाही.
- समुपदेशक शिकाऊ आहे का, त्याच्या कामावर देखरेख कोणाची आहे, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.
- आपले घर, भाषा, जात-धर्म, कामधंदा समुपदेशकाला माहीत असेलच असे नाही. त्याचा अंदाज चुकत असेल तर मोकळेपणाने सांगावे. त्यानेच उपचार नीट होतात.
- आत्महत्येचे विचार, भ्रम-भास किंवा अनेक दिवसांची झोपमोड असेल, तर फक्त समुपदेशनावर थांबू नये. डॉक्टरांकडे जावे. टेली-मानस हेल्पलाइन: १४४१६.

"केंद्रात गेलो, तर तिथली ताई आमच्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी निघाली. ती काय समजावणार?" पालकांचा हा प्रश्न आम्ही डॉक्टर नेहमी ऐकतो. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर समुपदेशकाच्या वयात सापडत नाही. ती ताई कोणाच्या देखरेखीखाली काम करते आणि तुमच्या मुलीचे आयुष्य समजून घ्यायला ती किती तयार आहे, या दोन गोष्टी पाहाव्या लागतात. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील विद्यार्थी आणि त्यांच्या घरच्यांना या दोन्ही गोष्टी पारखता याव्यात, यासाठी हा लेख आहे.

समुपदेशन केंद्रात काय होते?

समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे. समुपदेशक तुमचे ऐकून घेतो, अडचण नेमकी कुठे आहे हे तुमच्याबरोबर शोधतो आणि त्यातून बाहेर पडण्याची पावले तुमच्याकडूनच ठरवून घेतो. एक भेट साधारण ४५ ते ५० मिनिटांची असते. परीक्षेची धास्ती, वसतिगृहात मन न रमणे, प्रेमभंग, घरातली भांडणे, मोबाइलचा अतिवापर अशा अडचणींसाठी काही आठवड्यांच्या भेटी पुरेशा होतात.

पहिल्या भेटीत बहुधा एक छोटी प्रश्नावली भरायला देतात. त्यातली एक नेहमीची प्रश्नावली नऊ प्रश्नांची असते. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह, एकाग्रता कशी होती आणि जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार आले का, हे त्यात विचारतात. गुण ० ते २७ यांच्या दरम्यान येतात. हे गुण म्हणजे निदान नव्हे. ताप मोजल्यावर तापाचे कारण शोधावे लागते, तसेच इथेही पुढे बोलून आणि तपासून ठरवावे लागते.

दोन्ही जिल्ह्यांतली बरीच महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहेत. शिवाय साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ, कराडला कृष्णा अभिमत विद्यापीठ, मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि सांगलीत भारती विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. समुपदेशनाची सोय प्रत्येक ठिकाणी सारखी नसते. कुठे पूर्णवेळ समुपदेशक असतो, कुठे मानसशास्त्राचे प्राध्यापक ठरावीक तासांना बसतात, तर कुठे आठवड्यातून एकदा बाहेरचे तज्ज्ञ येतात. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा आहे. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी ठेवायची आहे. त्यामुळे "आमच्या कॉलेजात अशी सोय आहे का?" हा प्रश्न प्राचार्यांना विचारायला संकोच करू नये.

कोणाला काय म्हणतात?

- मानसोपचारतज्ज्ञ: एमबीबीएस झाल्यावर मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा पदविका घेतलेले डॉक्टर. औषधे हेच लिहून देऊ शकतात.
- चिकित्सा मानसशास्त्रज्ञ: मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण आणि त्यानंतर रुग्णालयातले विशेष प्रशिक्षण घेतलेले. आजवर ही पात्रता म्हणजे बहुधा दोन वर्षांचे एम.फिल. असे. यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते.
- समुपदेशक: मानसशास्त्रात एम.ए., समुपदेशनाची पदविका किंवा समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. झालेले. या व्यवसायावर आपल्याकडे फार काळ कायद्याचे नियंत्रण नव्हते. २०२१ च्या आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याने समुपदेशकांनाही नोंदणीच्या कक्षेत आणले आहे.
- प्रशिक्षणार्थी समुपदेशक: वरीलपैकी एखादा अभ्यासक्रम शिकत असलेले. प्रत्यक्ष व्यक्तींबरोबर काम करणे हा त्यांच्या शिक्षणाचा भाग असतो.

शिकाऊ समुपदेशक कसा शिकतो?

मोठ्या शासकीय रुग्णालयात रात्री-अपरात्री दाखल झालेल्या रुग्णाला पहिल्यांदा निवासी डॉक्टर पाहतो. तोही शिकतच असतो. पण त्याच्या मागे वरिष्ठ डॉक्टर असतात. सकाळी राउंडला ते येतात, केसपेपर वाचतात, चूक असेल तर तिथेच दुरुस्त करतात. समुपदेशनातही हीच रीत आहे. तिला पर्यवेक्षण म्हणतात.

नीट चाललेल्या केंद्रात पर्यवेक्षणाच्या पायऱ्या साधारण अशा असतात. आधी प्रशिक्षणार्थी वर्गात एकमेकांबरोबर मुलाखतीचा सराव करतो. मग अनुभवी समुपदेशकाच्या शेजारी बसून पाहतो, अर्थात समोरच्याच्या परवानगीने. त्यानंतर सौम्य स्वरूपाच्या अडचणी असलेल्या विद्यार्थ्यांशी स्वतः बोलू लागतो. प्रत्येक भेटीची टिपणे ठेवतो आणि ठरलेल्या दिवशी पर्यवेक्षकासमोर मांडतो. आपण काय विचारले, का विचारले, कुठे अडलो, हे सांगतो. पर्यवेक्षक त्याला पुढची दिशा देतो आणि गरज वाटली तर ते काम स्वतःकडे घेतो.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ होणाऱ्यांना पदवीपूर्वी साधारण वर्षभर असे देखरेखीखालचे काम करावे लागते आणि विद्यापीठांची समुपदेशन केंद्रे ही त्यासाठीची नेहमीची जागा आहे. आपल्याकडे चिकित्सा मानसशास्त्रज्ञांचे प्रशिक्षण मुख्यतः मानसोपचार विभाग असलेल्या रुग्णालयांत होते, तर समुपदेशक शाळा, महाविद्यालये आणि स्वयंसेवी संस्थांतून शिकतात. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी सुरू केलेले परिवर्तन व्यसनमुक्ती केंद्र अनेक वर्षे काम करते आहे. अशा ठिकाणी व्यसनाबरोबर घरचे लोक, कर्ज, शेती, गावातली पत हे सगळे एकदमच समोर येते. शिकणाऱ्यासाठी हा मोठा अनुभव असतो.

शिकाऊ समुपदेशकाचा एक फायदाही असतो. त्याच्याकडे वेळ असतो, तो तयारी करून येतो आणि तुमच्याविषयी दोन डोकी विचार करत असतात. धोका असतो तो देखरेखीशिवाय एकट्याने काम करणाऱ्याचा. मग त्याच्या भिंतीवर कितीही प्रमाणपत्रे लागलेली असोत.

प्रत्येकाचे घर वेगळे

पुस्तकातली उदाहरणे बहुधा मोठ्या शहरांतली किंवा परदेशातली असतात. प्रशिक्षणार्थी ती शिकून येतो आणि समोर बसतो तो विटा, जत किंवा दहिवडीचा मुलगा. इथेच शिकण्याची खरी परीक्षा असते. खालील उदाहरणे कल्पित आहेत, पण या भागात काम करणाऱ्या कोणालाही ती ओळखीची वाटतील.

*आई-वडील दूर, पण जवळीक आहे.* खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी कुटुंबे सोने-चांदीच्या गलाई व्यवसायासाठी देशभर विखुरली आहेत. मुले आजी-आजोबांकडे वाढतात. नवखा समुपदेशक विचारतो, "लहानपणी आई-वडिलांनी सोडून दिल्यासारखं वाटायचं का?" मुलगी गप्प होते. तिला तसे कधीच वाटलेले नसते. आजी हीच तिची आई असते आणि तिचे खरे दुःख आजीच्या आजारपणाचे असते. साताऱ्याच्या डोंगरी भागात वडील मुंबईला माथाडी कामगार असणे, किंवा घरातले कोणी सैन्यात असणे, हेही असेच. वडील वर्षातून एक-दोनदा येतात म्हणजे घर मोडले, असा अर्थ काढता येत नाही.

*घरची भाषा वेगळी.* जत तालुक्यात अनेक घरांत कन्नड बोलतात. मिरजेत कन्नड आहे, उर्दू आहे. मुलगा वर्गात मराठीत उत्तम बोलतो, पण रडू येते ते घरच्या भाषेत. अशा वेळी "तुला सोपं वाटेल त्या भाषेत बोल" एवढे म्हटले तरी फरक पडतो. ती भाषा समुपदेशकाला येत नसेल, तर ती येणारा समुपदेशक शोधावा. वर्गमित्राला किंवा नातेवाइकाला दुभाषा म्हणून बसवू नये. त्यांच्यासमोर मन मोकळे होत नाही आणि गोष्ट बाहेर जाण्याची भीती राहते.

*पुराची आठवण.* २०१९ आणि २०२१ च्या पावसाळ्यात कृष्णा-वारणाकाठच्या गावांत पाणी शिरले, जनावरे दगावली, दप्तरे-पुस्तके वाहून गेली. त्या वेळी शाळेत असलेली मुले आज महाविद्यालयात आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये त्यातल्या एखाद्याची झोप उडते, छातीत धडधडते, तो सारखा घरी फोन करून पाण्याची पातळी विचारतो. वरवर ती परीक्षेची भीती वाटते. तारखा विचारल्या, तर मूळ सापडते.

*भेट चुकली, म्हणजे टाळाटाळ नव्हे.* माण-खटावसारख्या दुष्काळी भागातला विद्यार्थी "कमवा आणि शिका"मध्ये काम करत शिकतो, किंवा शेवटची एसटी पकडून घरी जातो. तो दोनदा आला नाही, तर त्याला बदलायचे नाही असे समजणे चूक. वेळ बदलून देणे हा इथे उपचाराचाच भाग आहे.

*भरतीची तयारी.* पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणारा मुलगा वयाची मर्यादा जवळ आली की घरात तोंड दाखवायला कचरतो. गावाने आधीच त्याला "फौजी" म्हणायला सुरुवात केलेली असते. त्याचे अपयश त्याच्या एकट्याचे राहत नाही. हे न ओळखता "दुसरं काही कर" म्हटले, तर तो पुन्हा येत नाही.

*जात आणि अपमान.* आडनाव विचारून टोमणे मारणे, मेसमध्ये वेगळे बसवणे अशा गोष्टी विद्यार्थी फार उशिरा बोलतात. समुपदेशकाने "तू फार मनाला लावून घेतोस" म्हणणे ही गंभीर चूक आहे. इथे ऐकणे हवेच. त्याबरोबर संस्थेत तक्रार कुठे करायची, कायदा काय म्हणतो, ही माहितीही हवी. अन्यायावर फक्त श्वसनाचा व्यायाम शिकवून भागत नाही.

*लैंगिक ओळख.* समलिंगी आकर्षण हा आजार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. ते "बरे करून देण्याचे" उपचार करणे हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. कोणी असा उपचार सुचवत असेल, तर तिथून निघून यावे.

*अंगावर निघणारे दुःख, आणि देवऋषी.* आपल्याकडे "मला नैराश्य आले आहे" असे फार कमी जण म्हणतात. "डोकं जड होतं", "जीव घाबरतो", "अंगात कणकण राहते", "कशात जीव लागत नाही" असे म्हणतात. शारीरिक तपासण्या करून घ्याव्यात, कारण रक्त कमी असणे आणि थायरॉइडचे दोष यांतही अशीच लक्षणे दिसतात. तपासण्या ठीक आल्या, तरी त्रास खोटा नसतो. घरचे आधी देवऋषीकडे जाऊन आलेले असतील, तर तेही न लाजता सांगावे. चांगला समुपदेशक हसत नाही. मात्र मारहाण, उपाशी ठेवणे, चटके देणे असे काही झाले असेल तर ते थांबलेच पाहिजे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अशा अघोरी प्रकारांवर बंदी आहे.

या सगळ्यांतून प्रशिक्षणार्थ्याला एक सवय लावून घ्यावी लागते: आधी विचारायचे, मग समजायचे. "तुमच्या घरी याला काय म्हणतात?", "हे ऐकून घरी कोण काय म्हणेल?", "मी काही चुकीचं समजलो का?" असे प्रश्न तो विचारत असेल, तर तो योग्य वाटेवर आहे असे समजा. आणि तो चुकत असेल, तर "आमच्याकडे तसं नसतं" एवढे सांगा. यात उद्धटपणा नाही. पुढच्या पर्यवेक्षणात त्याच मुद्द्यावर चर्चा होते आणि तुमच्या उपचाराची दिशा सुधारते.

बोललेले बाहेर जाते का?

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ नुसार मानसिक आजारासंबंधीची माहिती गुप्त ठेवणे तज्ज्ञांना बंधनकारक आहे. समुपदेशनातली नोंद गुणपत्रिकेवर किंवा शाळा सोडल्याच्या दाखल्यावर येत नाही. "पुढे मुलीच्या लग्नात अडचण येईल" या भीतीने उपचार टाळू नयेत.

गुप्ततेला काही मर्यादा आहेत आणि त्या पहिल्याच भेटीत सांगितल्या गेल्या पाहिजेत:

- स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, तर आवश्यक तेवढी माहिती घरच्यांना किंवा डॉक्टरांना दिली जाते.
- १८ वर्षांखालील मुला-मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. अकरावी-बारावीचे बहुतेक विद्यार्थी या वयात मोडतात.
- न्यायालयाने आदेश दिला, तर माहिती द्यावी लागते.
- प्रशिक्षणार्थी आपल्या पर्यवेक्षकाशी चर्चा करतो. ही चर्चा शिकण्यापुरती आणि उपचारापुरतीच असते. आवाज किंवा चित्र रेकॉर्ड करायचे असेल, तर तुमची लेखी परवानगी हवी. "नाही" म्हटल्याने सेवा नाकारता येत नाही.

छोट्या गावात एक वेगळीच अडचण येते. समुपदेशक हाच वर्गावर शिकवणारा प्राध्यापक असतो किंवा ओळखीतला निघतो. अशा वेळी दुसऱ्या व्यक्तीची मागणी करावी, किंवा टेली-मानसवर फोन करावा.

पालकांसाठी

मूल सज्ञान असेल, तर "ती आत काय बोलली?" हे समुपदेशक तुम्हाला तिच्या संमतीशिवाय सांगणार नाही. यात तुमचा अपमान नाही. त्या खात्रीमुळेच ती बोलते. तुम्ही मात्र समुपदेशकाला घरातली माहिती देऊ शकता: झोप कशी आहे, जेवण कमी झाले का, घरात पूर्वी कोणाला मानसिक आजार होता का.

घरी "एवढं सगळं दिलं, तुला कमी काय आहे?" हे वाक्य टाळा. त्याऐवजी "तुला बरं वाटत नाही हे दिसतंय, आपण मिळून बघू" म्हणा. भेटीला जायला वेळ आणि गाडीभाडे द्या. एका भेटीत फरक पडला नाही म्हणून लगेच थांबवू नका.

फक्त समुपदेशन कधी पुरत नाही?

खालीलपैकी काही दिसले, तर प्रशिक्षणार्थ्याने आपल्या पर्यवेक्षकाला त्याच दिवशी सांगितले पाहिजे आणि विद्यार्थ्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवले पाहिजे:

- मरणाचे विचार, निरवानिरवीची भाषा, स्वतःला इजा करणे
- कानात आवाज येणे, कोणी पाळत ठेवते असा पक्का समज
- अनेक दिवस जवळजवळ न झोपता भलताच उत्साह, उधळपट्टी
- जेवण, अंघोळ, वर्गात जाणे बंद पडणे, झपाट्याने वजन उतरणे
- दारू किंवा इतर नशेवाचून दिवस न जाणे

पुढच्या उपचारांसाठी साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील शासकीय रुग्णालय, सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि कराडचे कृष्णा रुग्णालय इथे चौकशी करता येते. बहुतेकांना मानसिक आजारांच्या रुग्णालयात दाखल होण्याची गरज पडत नाही. औषधे घरी राहून घेता येतात. नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. त्यांचे व्यसन लागत नाही, पण डॉक्टरांना न विचारता ती एकदम बंद करू नयेत.

पुढे पाठवले म्हणजे केस हाताबाहेर गेली असे नाही. आपली मर्यादा ओळखून वेळेत पुढे पाठवणे हे चांगल्या प्रशिक्षणाचे लक्षण आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) भारतातील १०.६ टक्के प्रौढांना मानसिक आजार आढळला आणि त्यांच्यापैकी बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. जो विद्यार्थी केंद्राच्या दारापर्यंत आला, त्याला रिकाम्या हाताने परत न पाठवणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

पहिल्या भेटीत विचारावेत असे प्रश्न

1. तुमचे शिक्षण काय? तुम्ही अजून शिकत आहात का?
2. तुमच्या कामावर देखरेख कोणाची असते? गरज पडली तर मला त्यांना भेटता येईल का?
3. माझी टिपणे कुठे ठेवली जातात? ती कोण वाचू शकते?
4. साधारण किती भेटी लागतील? तुमचे शिक्षण संपले तर पुढे मला कोण पाहील?
5. सुट्टीत किंवा रात्री त्रास वाढला तर कोणाला फोन करायचा?

चौथा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. प्रशिक्षणार्थी सत्र संपले की जातात. अचानक माणूस बदलला तर विद्यार्थ्याला पुन्हा पोरके वाटते. म्हणून निरोपाची भेट ठरवणे आणि नव्या समुपदेशकाची आधीच ओळख करून देणे ही केंद्राची जबाबदारी आहे.

दोन-तीन भेटींनंतरही सूर जुळला नाही, तर समुपदेशक बदलून मागा. समुपदेशकाने धर्म, जात, कपडे किंवा नातेसंबंधांवरून तुम्हाला कमी लेखले, तर पर्यवेक्षकाकडे तक्रार करा.

तातडीची मदत

टेली-मानस: १४४१६ (मोफत, २४ तास, मराठीतही). रुग्णवाहिका: १०८. आणीबाणी: ११२. आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्याला एकटे सोडू नका. कीटकनाशके, औषधांच्या गोळ्या, दोर हाताशी राहणार नाहीत असे बघा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आत्महत्येचा प्रयत्न झाला असेल, तर पोलिसांच्या भीतीने रुग्णालयात न्यायला उशीर करू नका. २०१७ च्या कायद्यानुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच मानले जाते आणि तिला शिक्षा नव्हे, उपचार मिळावेत अशी तरतूद आहे.